फ्रीमाँट स्ट्रीट : लास व्हेगासचा जुना कॅसिनो भाग पायी कसा पाहावा

पायपीट

लास व्हेगासला गेलेले आपले लोक स्ट्रिपवरची (मोठ्या कॅसिनो-हॉटेलांच्या प्रसिद्ध रस्त्यावरची) कारंजी पाहतात, एखादा शो बघतात आणि दुसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यनच्या बसमध्ये बसतात. फारच वेळ उरला तर रात्री दहाला फ्रीमाँटला एक चक्कर होते, तीही रस्त्यावर घातलेल्या छताच्या एलईडी पडद्याचा शो बघण्यापुरती. त्या अर्ध्या तासात फ्रीमाँट दिसत नाही. तिथली जुनी चीजवस्तू भिंतींवर आणि आतल्या लॉब्यांत आहे, छतावर नाही. म्हणून हा धागा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. स्ट्रिपचा बहुतेक भाग लास व्हेगास शहरात मोडतच नाही. सहारा अव्हेन्यूच्या दक्षिणेला विंचेस्टर आणि पॅराडाइझ नावाच्या वसाहती लागतात, त्यांचा कारभार काउंटीकडे. खरं शहर म्हणजे डाउनटाउन. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने इथल्या ११० एकरांतले भूखंड लिलावात काढले आणि गाव वसलं. स्टेशन फ्रीमाँट स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला होतं, म्हणून सगळी वस्ती स्टेशनकडे तोंड करून वाढली. आज त्या जागी प्लाझा हॉटेल आहे (१९७१). ते बांधताना स्टेशन हॉटेलातच घेतलं होतं आणि १९९७ पर्यंत अॅमट्रॅकची प्रवासी गाडी तिथे यायची.

चालायला सुरुवात प्लाझाच्या दारातूनच करा, पूर्वेकडे तोंड करून. वेळ सूर्यास्ताच्या अडीच तास आधीची. डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनअखेर आठच्या सुमारास, त्या हिशेबाने निघा. उजेडात इमारती वाचता येतात आणि अंधार पडता पडता पाट्या पेटतात.

उजव्या कोपऱ्यावर गोल्डन गेट, पत्ता १, फ्रीमाँट स्ट्रीट. १९०६ साली ते हॉटेल नेव्हाडा म्हणून उघडलं. १९०७ मध्ये गावातला पहिला टेलिफोन इथे बसला आणि त्याचा नंबर होता १. १९३१ मध्ये त्याचं नाव ठेवलं सॅल सॅगेव्ह. इंग्रजी अक्षरं उलटीकडून वाचा, लास व्हेगास होतं. १९५९ पासून इथे ५० सेंटला कोळंबीचा पेला मिळायचा आणि त्याच्यासाठी रांगा लागायच्या. तो २०१७ मध्ये बंद झाला. जुन्या ब्लॉगवर वाचून कुणी विचारायला जाऊ नका.

गोल्डन गेटच्या पुढे कोपऱ्यावर पायोनियर क्लबची जुनी इमारत लागते. आता खाली भेटवस्तूंचं दुकान आहे, पण वर व्हेगास व्हिक उभा आहे, १९५१ चा ४० फुटी निऑन काउबॉय. त्याचा हात पूर्वी हलायचा, आता हलत नाही. १९९४-९५ मध्ये रस्त्यावर छत घातलं तेव्हा त्याच्या टोपीची कड कापावी लागली. समोरच्या बाजूने, जरा लांब उभं राहून बघा, छताने त्याला कसं कोंबलंय ते लगेच दिसतं.

त्याची निऑन जोडीदारीण व्हेगास व्हिकी आता समोरच्या सर्का हॉटेलात आहे. सर्का २०२० मध्ये उघडलं. आत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, अगदी लॉबीतही नाही.

पुढे डावीकडे बिनियन्स. १९५१ मध्ये बेनी बिनियनने इथे हॉर्सशू कॅसिनो सुरू केला आणि १९७० मध्ये वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर ही पत्त्यांची स्पर्धा याच जागेत सुरू झाली. त्या इमारतीचा जुना भाग म्हणजे १९३२ चं अपाची हॉटेल. समोर गोल्डन नगेट (१९४६). तिथे काचेच्या पेटीत 'हँड ऑफ फेथ' नावाचा सोन्याचा ढेकूळ आहे, २७ किलोंच्या वर. १९८० साली ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात मेटल डिटेक्टरवर सापडलेला. फुकट बघता येतो.

त्यापुढे फोर क्वीन्स (१९६६, मालकाच्या चार मुलींवरून नाव) आणि फ्रीमाँट हॉटेल (१९५६). फोर्थ स्ट्रीटला छत संपतं. बहुतेक लोक इथूनच मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. लास व्हेगास बुलेवार्ड ओलांडून सिक्स्थ स्ट्रीटपर्यंत जा. तिथे एल कोर्टेझ आहे, १९४१ चं. १९४५ मध्ये बग्सी सीगल आणि मायर लान्स्की या माफिया म्होरक्यांच्या मंडळींनी ते विकत घेतलं होतं. २०१३ पासून ते अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. दर्शनी भाग आणि वरची पाटी दोन्ही जुन्या वळणाची. सगळ्या रस्त्यावर एकच इमारत नीट बघायची असेल तर ही बघा.

प्लाझा ते एल कोर्टेझ जेमतेम एक किलोमीटर. आत डोकावत गेलात तर दोन तास.

उनाड_पाखरू

छान. स्ट्रिपवरून यायचं कसं, तेवढं लिहा. मोनोरेल येते का इथपर्यंत?

पायपीट

नाही, आणि इथेच लोक फसतात. मोनोरेल उत्तरेला सहारापाशी संपते. तिथून फ्रीमाँट साडेतीन-चार किलोमीटर उरतं आणि मधला पट्टा चालण्यासारखा नाही.

ड्यूस नावाची दुमजली बस चोवीस तास चालते, स्ट्रिप ते डाउनटाउन. २ तासांचा आणि २४ तासांचा पास मिळतो. चालक सुटे देत नाही, त्यामुळे रोख असेल तर नेमके पैसे लागतात. फोनवर अॅपमधून पास काढणं सोपं. संध्याकाळी स्ट्रिपवर गाड्यांची रांग असते, बस पाऊण तास ते तासभर घेते. चार जण असाल तर टॅक्सी किंवा उबर जवळपास त्याच पैशांत पडते, आणि वीस मिनिटांत पोचवते. बसचा वरचा मजला, पुढची सीट मिळाली तर मात्र बसच घ्या.

पाटीवाचक

पाट्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण फ्रीमाँटवर जे झगमगतं ते सगळं निऑन नसतं. आता निम्म्याहून जास्त एलईडी आहे.

ओळखायचं कसं? जवळ जाऊन नळी बघा. खरी निऑन पाटी म्हणजे हाताने ज्योतीवर वाकवलेली काचनळी. एका नळीत दोन-तीन अक्षरं सलग असतात, म्हणून अक्षरांच्या मधला भाग काळ्या रंगाने झाकलेला असतो. नळीचं टोक मागे वळून पाटीच्या पत्र्यात घुसतं, तिथे इलेक्ट्रोड असतो. एलईडीत कितीही चांगली नक्कल केली तरी जवळून ठिपके किंवा प्लॅस्टिकची पट्टी दिसते.

रंगाचंही तसंच. शुद्ध निऑन वायू फक्त लाल-नारिंगी उजेड देतो. निळा रंग आर्गॉन आणि पाऱ्याच्या थेंबाचा. हिरवा, पिवळा, गुलाबी हे सगळे रंगीत काच किंवा नळीच्या आतून लावलेल्या पावडरीमुळे. म्हणजे "निऑन" म्हणून मिरवणाऱ्या पाटीत अर्ध्या नळ्यांत निऑन नसतोच! एखादी नळी टोकाला फडफडत असेल तर ट्रान्सफॉर्मर बिघडलेला किंवा वायू कमी झालेला. पारा असलेल्या निळ्या नळ्या थंडीत मंद दिसतात, डिसेंबर-जानेवारीत लक्ष ठेवून बघा.

जुन्या पाट्यांचं मोठं भांडार निऑन म्युझियममध्ये, पत्ता ७७०, लास व्हेगास बुलेवार्ड नॉर्थ. तिथलं प्रवेशद्वार म्हणजे ला काँचा मोटेलची १९६१ ची लॉबी, वास्तुकार पॉल विल्यम्स. शंखासारखं काँक्रीटचं छत. ते कापून तुकड्यांत आणलं आणि इथे पुन्हा जोडलं. रात्रीची तिकिटं आधी संपतात, दोन-तीन आठवडे अगोदर काढा. जमीन खडीची आहे आणि फुटक्या काचाही असतात, चपला नकोत.

फ्रीमाँटपासून अंतर किलोमीटरभरच आहे, पण रस्ता महामार्गाच्या पुलाखालून जातो आणि अंधारात तिथे चालण्यात काही गंमत नाही. गाडी करा.

म्युझियमचं तिकीट नाही मिळालं तरी हरकत नाही. फ्रीमाँट आणि लास व्हेगास बुलेवार्डच्या चौकाजवळ हसिएंडा हॉटेलचा घोडेस्वार उभा आहे, दुरुस्त करून १९९६ मध्ये लावलेला. तो रस्त्यावरच आहे, फुकट.

खडूस_काका

पायपीटराव, छतावरचा राग जरा जास्त झाला. १९८९ मध्ये स्ट्रिपवर मिराज हॉटेल उघडलं आणि डाउनटाउनचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. डिसेंबर १९९५ मध्ये ते छत झालं नसतं तर आज तुम्ही ज्या पाट्या वाचताय त्यातल्या निम्म्या भंगारात असत्या. गाड्या बंद झाल्या म्हणून तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर बघू शकता, हेही विसरू नका.

२०१९ मध्ये नवीन पडदा बसवला, ४ कोटी ९३ लाख एलईडी. आता तो दिवसाउजेडीही दिसतो. ९० फूट उंचीवर चार चौकांच्या लांबीचं चित्र हलतंय, हे बघण्यासारखं नाही म्हणणं म्हणजे उगाच नाक मुरडणं.

पायपीट

काका, गिऱ्हाइकाचा मुद्दा मान्य. पडदा बघू नका असं मी म्हणत नाही, आधी तो बघू नका एवढंच. शो सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या हॉटेलांचे दिवे मंद करतात, म्हणजे त्या सात-आठ मिनिटांत पाट्याच जातात. आणि शो अंधार पडल्यावर दर तासाला असतोच. म्हणून तासाच्या मधल्या वेळेत पाट्या, तासाच्या ठोक्याला पडदा. पडदा बघायला थर्ड स्ट्रीटच्या आसपास मधोमध उभे राहा. टोकाला उभं राहिलं तर चित्र तिरकं पळत जाताना दिसतं, काही कळत नाही.

टिपकागद

फोटोवाल्यांसाठी एक खूप उपयोगी गोष्ट. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. भारतातून आणलेल्या काही फोनमध्ये आणि कॅमेऱ्यांत 'अँटी-फ्लिकर' ५० वर लावलेलं असतं आणि मग व्हिडिओत पाट्यांवर आडवे काळे पट्टे सरकतात. सेटिंगमध्ये जाऊन ६० करा. हाताने शटर लावता येत असेल तर १/६० किंवा १/३० ठेवा.

निऑनचा फोटो सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटांत घ्या. आकाश गडद निळं असतं, नळीचा रंग टिकतो. पूर्ण अंधारात फोनचा कॅमेरा काळं आकाश उजळायला जातो आणि लाल नळी पांढरी करून टाकतो. तसं झालंच तर नळीवर बोट दाबून फोकस धरा आणि उजेड दोन घर खाली ओढा.

कॅसिनोच्या आत जुनी मशीन किंवा लॉबी टिपायला सहसा हरकत घेत नाहीत. चालू टेबल, डीलर आणि पैसे मोजण्याची खिडकी यांच्याकडे कॅमेरा वळवू नका, लगेच कुणीतरी येतं.

आणि रस्त्यावरचे सोंगाडे! त्यांच्यासोबत फोटो काढला की ते पैशांची अपेक्षा धरतात, म्हणून कॅमेरा वर करायच्या आधी रक्कम ठरवा. फुटपाथवर रंगवलेली वर्तुळं दिसतील. २०१५ पासून कलाकारांना सोडतीने अशी वर्तुळं मिळतात आणि दर दोन तासांनी जागा बदलतात. वर्तुळाबाहेर येऊन गळ्यात पडणाऱ्याला सरळ नाही म्हणा, तो नियम मोडतोय.

मोरपीस

मला जुगार खेळायचा नाही. तरी आत गेलं तर चालतं का? पणजीला मांडवीवरच्या बोटींवर प्रवेशाचेच पैसे घेतात.

हिशेबी

ताई, चालतं. इथे प्रवेश फुकट. आत जा, फिरा, स्वच्छतागृह वापरा, कुणी विचारत नाही. फ्रीमाँटवर सार्वजनिक स्वच्छतागृह शोधत बसण्यापेक्षा हेच बरं. (आपल्या महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाच खेळायला बंदी. लास व्हेगासच्या नेव्हाडा राज्यात जुगाराला परवानगी देणाऱ्या कायद्यावर १९ मार्च १९३१ ला सही झाली, ती परवानगी आजतागायत आहे.)

ज्यांना दोन डाव खेळून बघायचेत त्यांच्यासाठी आकडे. जुनं डाउनटाउन स्वस्त, असा समज आहे. कमीत कमी पैज स्ट्रिपपेक्षा कमी असते हे खरं, पण फलक न वाचता बसलात तर स्वस्त टेबल महाग पडतं.

ब्लॅकजॅकच्या टेबलावर कापडावरच छापलेलं असतं : ३ ला २, किंवा ६ ला ५. १५ डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) आला तर पहिल्या टेबलावर साडेबावीस मिळतात, दुसऱ्यावर १८. ब्लॅकजॅक साधारण दर २१ डावांत एकदा येतो. तासाला ७० डाव धरले तर एवढ्या एका फरकाने ताशी १४-१५ डॉलर जातात. एक पत्त्यांचा जोड, ३ ला २ असं टेबल हवं असेल तर एल कोर्टेझचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं.

रुलेटमध्ये शून्यं मोजा. एक शून्य असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६, तीन असतील तर ७.६९. तासाला ४० फेऱ्या, प्रत्येक वेळी १० डॉलर धरा : सरासरी तोटा अनुक्रमे ११, २१ आणि ३१ डॉलर. चाक दिसायला सारखंच असतं.

क्रॅप्समध्ये (फाशांचा खेळ) 'पास लाइन' या साध्या पैजेवर १.४१ टक्के. त्यामागे ठेवायची 'ऑड्स'ची पैज ही जवळजवळ एकमेव, जिच्यावर कॅसिनो काहीच कापत नाही. टेबलाच्या मधोमध रंगीत चौकोनांत ज्या पैजा दिसतात त्या नवख्यांसाठी नाहीत. 'एनी सेव्हन'वर १६.६७ टक्के जातात.

शिष्टाचार : नोट डीलरच्या हातात देऊ नका, तो घेणार नाही. टेबलावर ठेवा. ब्लॅकजॅकमध्ये तोंडाने नाही, हाताने खूण करायची, कारण वरच्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे. क्रॅप्समध्ये फासे एकाच हाताने उचलायचे. टेबलावर फोन नको. स्लॉट मशीनमधून छापील तिकीट निघतं ते खिडकीवर किंवा यंत्रावर वटवायचं. दुसऱ्याचं राहिलेलं तिकीट उचलू नका, नेव्हाडात ती चोरी धरतात.

मूळ पासपोर्ट जवळ असू द्या. आणि एक कटू बातमी : भारतीय नागरिकाला स्लॉटवर मोठा जॅकपॉट लागला तर ३० टक्के कर जागेवरच कापतात. ब्लॅकजॅक, क्रॅप्स, रुलेटला तो लागत नाही.

उनाड_पाखरू

शाकाहारी काय खातात तिथे?

हिशेबी

पिझ्झा, आणि विचारून घेतलेलं मेक्सिकन. तिथे 'बीन्स' म्हणून जो लगदा देतात त्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला. "मांस नको" एवढं पुरत नाही, "लार्ड आहे का, चिकन स्टॉक आहे का" असं नाव घेऊन विचारा. बटाट्याच्या काड्या कुठल्या तेलात तळल्या तेही.

पाटीवाचक

तीन जागा राहिल्या.

मॉब म्युझियम, स्ट्युअर्ट अव्हेन्यूवर, फ्रीमाँटपासून दोन चौक. इमारत १९३३ ची, टपाल कचेरी आणि केंद्रीय न्यायालय. नोव्हेंबर १९५० मध्ये सिनेटच्या केफॉव्हर समितीने संघटित गुन्हेगारीवर जी सुनावणी घेतली ती याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात. ते दालन जसंच्या तसं आहे. शिकागोच्या १९२९ च्या व्हॅलेंटाइन हत्याकांडातल्या भिंतीच्या विटाही इथे आहेत. अडीच-तीन तास लागतात, म्हणून फ्रीमाँटच्या फेरीआधी दुपारी उरका.

मेन स्ट्रीट स्टेशन (नाव स्टेशन, पण आहे हॉटेल-कॅसिनो) : प्लाझापासून उत्तरेला पाच मिनिटं. बर्लिनच्या भिंतीचा खरा तुकडा इथे आहे, पण पुरुषांच्या मुतारीत, भांडी त्यावरच बसवलेली. हा विनोद कुणाला सुचला कोण जाणे! बायकांनी सुरक्षारक्षकाला सांगितलं तर तो आत रिकामं आहे का बघून दाखवतो.

अॅटॉमिक लिकर्स : एल कोर्टेझच्याही पुढे, ९१७, फ्रीमाँट. १९५२ चा बार. १९५१ पासून शंभरेक किलोमीटरवरच्या वाळवंटात अणुचाचण्या व्हायच्या आणि गिऱ्हाइकं या बारच्या गच्चीवरून ते ढग बघायची.

मोरपीस

एक भर. जुन्या व्हेगासबद्दल वाचताना एक बाजू गाळली जाते. १९५० च्या दशकात काळ्या कलाकारांना डाउनटाउन आणि स्ट्रिपवर गाता यायचं, राहता यायचं नाही. ते रुळांपलीकडच्या वेस्टसाइडला राहायचे. तिथे मे १९५५ मध्ये मुलँ रूज हे सर्वांना खुलं हॉटेल उघडलं आणि सहा महिन्यांत बंद पडलं. मार्च १९६० मध्ये भेदभाव संपवण्याची बोलणी त्याच इमारतीत झाली. आज तिथे हॉटेल उरलेलं नाही, पण फ्रीमाँटवरच्या जुन्या फोटोंत कोण दिसत नाही, हे त्यामुळे कळतं.

उनाड_पाखरू

शेवटचं. जुलैत येतोय, सोबत १६ वर्षांचा मुलगा. त्याला ती दोरीवरून उडायची गंमत करायची आहे.

पायपीट

जुलैत ४०-४३ अंश नेहमीचे. ७ जुलै २०२४ ला ४८.९ झालं होतं. सूर्यास्ताआधी अडीच तास हा माझा नियम तुम्ही मोडा : इमारती सकाळी आठ ते दहा बघा, संध्याकाळी फक्त पाट्या. हवा कोरडी असते, घाम लगेच वाळतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे कळत नाही. माणशी लिटरभर बाटली ठेवा.

दोरी म्हणजे स्लॉटझिला. खालची ७७ फुटांवरून, बसून, अर्ध्या रस्त्यापर्यंत. वरची ११४ फुटांवरून, पालथं झोपून, पूर्ण छताखालून १,७५० फूट. वजनाला दोन्हीकडून मर्यादा आहे, काट्यावर उभं करूनच सोडतात. चष्मा, टोपी, सुटे पैसे खाली ठेवायचे. रांग टाळायची तर दुपारची वेळ आधी घेऊन ठेवा.

मुलाला घेऊन कॅसिनोतून चालत जाता येतं, पण मशीनपाशी थांबता येत नाही. थांबलात की कुणीतरी हटकतं. सर्का आणि एल कोर्टेझ दोन्ही वगळा, तिथे २१ च्या आतल्यांना दारातूनच परत पाठवतात. एल कोर्टेझ बाहेरून, समोरच्या फुटपाथवरून दाखवा. सोन्याचा ढेकूळ, व्हिक, घोडेस्वार आणि मॉब म्युझियम त्याला चालतील. शुक्रवार-शनिवारच्या रात्री अल्पवयीनांवर वेळेचे निर्बंध असतात आणि कधी प्रवेशापाशीच ओळखपत्र मागतात, म्हणून मधल्या वारी जा आणि त्याचाही पासपोर्ट बरोबर घ्या.